फळा रोज पुसायचा असतो

संगणक सुरू केल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सगळ्यात आधी काय यावे, हे कोणी ठरवायचे? प्रश्न अगदी किरकोळ वाटतो ना? मला तो तसा वाटत नाही. हा अधिकार आपण कुणी मागायच्या आधीच देऊन बसलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो परत घेता येतो, फार तर अर्ध्या तासाचे काम आहे, हेही मी आज सांगणार आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी संगणकतज्ज्ञ वगैरे कोणी नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली बाई आहे. संगणकावर माझे काम एकच, लिहिणे. त्यासाठी मला रंगीत अक्षरे लागत नाहीत, चौकटी लागत नाहीत, हलणारी चित्रे तर नकोतच. मला लागतो साधा मजकूर लिहायचा कार्यक्रम, ज्याला सगळे टेक्स्ट एडिटर म्हणतात. विंडोजच्या १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून सोबत येणारे नोटपॅड हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. मी वापरते ते नोटपॅड प्लस प्लस. तेही फुकट मिळते, २००३ सालापासून आहे, आणि त्यात एकाच खिडकीत अनेक फायली शेजारीशेजारी उघडता येतात.

माझा संगणक सुरू झाला की हा एडिटर आपोआप उघडतो, आणि त्यात माझ्या चार फायली उघडतात. त्यांची नावे आज, औषधे, हिशेब आणि शब्द. रोज ह्याच चार, ह्याच क्रमाने. काल रात्री मी काय करत होते ह्याच्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. ह्या व्यवस्थेला हसणारे लोक दोन प्रकारचे आहेत. दोघांनाही उत्तर द्यायचे आहे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रकार जाणकारांचा. माझा भाचा पुण्यात संगणकाच्याच क्षेत्रात आहे. तो म्हणतो, "अगं मावशी, एवढा खटाटोप कशाला? तू काल जे उघडे ठेवलेस तेच तो आज उघडून देतो की. सगळे लक्षात ठेवतो तो!" आता त्याचे म्हणणे खरे आहे. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ही सोय मुळातच चालू असते. विंडोज ११ मधल्या नोटपॅडलाही २०२३ साली एका खिडकीत अनेक पाने उघडता येऊ लागली, आणि बंद करताना असलेली पाने पुढच्या वेळी जशीच्या तशी आणून ठेवणेही ते त्याच वर्षी शिकले. ह्याला सेशन म्हणतात. आपण त्याला बैठक म्हणू. कालची बैठक आज पुढे चालू.

माझा आक्षेप इथेच आहे. लक्षात ठेवणे वेगळे आणि निवडणे वेगळे. काल जे उघडे राहिले ते बहुतेक वेळा अपघाताने उघडे राहिलेले असते. गॅसवाल्याचा नंबर उतरवायला उघडलेले पान, कुणाची तरी कैरीच्या लोणच्याची कृती, अर्धवट राहिलेले एक पत्र, शब्द शोधायला म्हणून उघडलेली आणि बंद करायची राहून गेलेली जुनी फाईल. पंधरा दिवसांत अशी वीस-बावीस पाने साठतात. मग रोज सकाळी संगणक इमानाने ती सगळी समोर मांडतो, आणि आपण त्याचे कौतुक करतो, की बघा, कसे सगळे लक्षात ठेवले त्याने!

मी शाळेत होते तेव्हा पहिला तास सुरू होताना आधी फळा पुसला जायचा. मग वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, खाली पटसंख्या, हजर, गैरहजर, आणि मध्ये विषय. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला भूमितीच्या सरांनी काढलेला त्रिकोण कितीही सुंदर असला तरी माझ्या मराठीच्या तासाला तो फळ्यावर नको. "असू द्या की बाई, कालचेच पुढे चालू करू," असे कुणी म्हटले असते तर आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले असते! पुसलेल्या फळ्यावर रोज तेच चार रकाने लिहायचे, ह्याला आम्ही कंटाळवाणे म्हणत नव्हतो. त्यालाच शाळा भरणे म्हणत होतो.

दुसरे उदाहरण हजेरीपटाचे, आणि हे फळ्यापेक्षा महत्त्वाचे आहे. समजा एखादा मुलगा सोमवारी आला नाही. म्हणून मंगळवारी त्याचे नाव पुकारायचे नाही असे कोणी करते का? पटावर नाव आहे तोपर्यंत रोज पुकारायचे. आला नाही की लगेच कळते. आता कालच्या बैठकीचा नियम बघा. 'औषधे' ही फाईल एखाद्या रात्री चुकून बंद झाली, किंवा आवराआवर करताना आपणच बंद केली, तर दुसऱ्या दिवशी ती येत नाही. परवाही येत नाही. कुणी सांगतही नाही की ती आली नाही. एका दिवसाच्या गैरहजेरीवर तिचे नाव पटावरून कायमचे गेले! उलट आपण निवडून दिलेली यादी असेल तर काल काय झाले ह्याला महत्त्व नाही, आज सकाळी फाईल पुन्हा हजर. ज्याला आपोआप लक्षात ठेवणे म्हणतात ते असे एका क्लिकमध्ये विसरणे आहे, हे आमच्या भाच्याच्या ध्यानात आलेले नव्हते.

आता हसणाऱ्यांचा दुसरा प्रकार. हे लोक म्हणतात, "चार फायलींवर दोनदोनदा टिचकी मारायला किती वेळ लागतो? पाच सेकंद. त्या पाच सेकंदांसाठी एवढे सोपस्कार?"

सेकंद मोजणाऱ्यांशी माझे भांडण वेगळे आहे. उघडायला पाच सेकंद लागतात हे कबूल. पण उघडायची आठवण यायला किती वेळ लागतो? ती कधी पाच सेकंदांत येते, कधी पाच दिवसांत. सत्तरीनंतर तर हा हिशेब फारच वाईट होतो. आणि तरुणांनी खुशाल हसावे, पण त्यांच्याही 'रोजचा खर्च' नावाच्या फायली १ जानेवारीला सुरू होऊन १२ जानेवारीला संपलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या काही उघडायला अवघड होत्या म्हणून बंद पडल्या नाहीत. समोर नव्हत्या म्हणून बंद पडल्या.

ह्यात पणाला काय लागते ते सांगते. आमच्या ह्यांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे. त्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर द्याव्या लागतात. एका गोळीचा अंमल किती वेळ टिकला, पुढच्या गोळीच्या आधी हात कधी कापू लागला, पाय कधी अडखळले, हे डॉक्टरांना नेमके सांगता आले तर त्यांना वेळा बदलून बघता येतात. "दुपारचा जरा त्रास होतो" एवढ्याने काही होत नाही. 'औषधे' ह्या फायलीत मी रोज दोन-तीन ओळी लिहिते. गोळी किती वाजता दिली, त्रास किती वाजता सुरू झाला. बस्स. त्यात साहित्य काही नाही. पण एका तपासणीच्या वेळी मी चार महिन्यांच्या ओळी छापून नेल्या, तेव्हा त्यात स्पष्ट दिसत होते की दुपारी बाराच्या गोळीचा अंमल चारच्या गोळीच्या पाऊण तास आधीच उतरतो आहे, आणि तेही जवळजवळ रोज. डॉक्टरांनी वेळा पुढेमागे केल्या. चारचा चहा ते नंतर स्वतःच्या हाताने कप धरून पिऊ लागले. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ह्या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

ह्या चार महिन्यांत मी फार चिकाटी दाखवली असे कुणी म्हणू नये. फाईल रोज सकाळी समोर उघडी होती, इतकेच. "मोबाईलवर गजर लावा की," असेही सांगणारे आहेत. गजर लावलेलाच आहे. पण गजराचे काय आहे, तो वाजतो, आपण बोटाने बंद करतो, आणि संपले. उघडे पान तसे बंद होऊन जात नाही. कालच्या ओळीखाली आजची जागा रिकामी दिसते. रिकामी जागा दिसली की मास्तरणीचा हात आपोआप शिवशिवतो.

आता ज्यांनी आपली सकाळ ठरवायला घेतली आहे त्या मंडळींकडे वळू. संगणक सुरू होताना काय उघडावे हे सांगण्यासाठी विंडोजमध्ये एक जागा आहे, तिचे नाव स्टार्टअप. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्येही ती होती. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ ही सोय आपल्यासाठी आहे. पण बहुतेकांनी आयुष्यात तिचे तोंड पाहिलेले नाही. ती कुठे आहे हे ज्यांना पक्के ठाऊक असते ते म्हणजे कार्यक्रम विकणारे. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा. विंडोज ८ पासून त्यात स्टार्टअपचा वेगळा भाग आहे, आणि संगणकाबरोबर कोणकोण सुरू होते त्याची यादी तिथे दिसते. त्यातली किती नावे तुम्ही स्वतः घातलीत ते मोजा. गप्पांचे कार्यक्रम, खेळांचे कार्यक्रम, छपाईयंत्राचे मदतनीस... कुणी विचारून आले, कुणी कराराच्या बारीक अक्षरांतून आले. ह्या सगळ्यांना आपली सकाळ हवी आहे. रिकाम्या ओसरीवर कोणीही येऊन बसते, ही काही फक्त खेड्यातली गोष्ट नाही!

तेव्हा ओसरीवर आपली चार माणसे आधी बसवा. कृती सांगते.

विंडोजची कळ आणि रोमन आर ही कळ एकदम दाबली की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात रोमन लिपीत शेल, मग अपूर्णविराम, मग स्टार्टअप असे सलग, जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. जी खिडकी उघडेल ती स्टार्टअपची जागा. तिच्यात रिकाम्या ठिकाणी माऊसची उजवी कळ दाबून न्यू आणि त्यातून शॉर्टकट निवडा. आता पत्ता विचारला जाईल. आधी एडिटरचा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा, मग एक जागा सोडून पहिल्या फायलीचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत, पुन्हा जागा, मग दुसरी, अशा सगळ्या फायली. अवतरणचिन्हे विसरू नका. पत्त्यात कुठे मोकळी जागा असली तर चिन्हांवाचून संगणक एका नावाची दोन नावे करतो. समास न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यासारखे! शेवटी शॉर्टकटला नाव द्या. माझ्या शॉर्टकटचे नाव 'सकाळ' आहे. फायलींची नावे देवनागरीत असली तरी चालतात.

साधे नोटपॅडच वापरत असाल तर आणखी सोपे. प्रत्येक फायलीचा एकेक शॉर्टकट करून त्याच जागेत ठेवा. नोटपॅडमध्ये एफ-५ ही कळ दाबली की त्या क्षणाची वेळ आणि तारीख उमटते, रोजच्या नोंदींना ती फार उपयोगी.

राहिला कालच्या बैठकीचा प्रश्न. नोटपॅड प्लस प्लसमध्ये सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस, मग बॅकअप असे गेलात की पुढच्या वेळेसाठी सेशन लक्षात ठेवायची खूण दिसेल. ती काढली की फळा रोज कोरा. मात्र ती काढल्यावर न साठवलेला मजकूर आपोआप जपून ठेवणेही थांबते, हे लक्षात असू द्या. ज्यांच्याकडे वीज भरवशाची नाही त्यांनी खूण राहू द्यावी. कालची पाने आणि आपल्या चार फायली अशी सगळी मंडळी मग एकत्र येतील. आपल्या हाताने कालची पाने बंद करायची, म्हणजे फळा स्वतः पुसायचा. विजेच्या भीतीने कालचे जपणे मला मान्य आहे. आजचे काम कालच्या पसाऱ्याने ठरवणे मला मान्य नाही.

हा काही माझ्याच डोक्यातून निघालेला हट्ट नव्हे. १९८५ पासून लोकांच्या हाती असलेला ग्नू इमॅक्स हा एडिटर घ्या. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी तो लिहायला घेतला. त्याची एक प्रारंभाची फाईल असते. तिच्यात 'अमुक फाईल उघड' अशी एकेक ओळ आपण आपल्या हाताने लिहायची आणि तो रोज त्या आज्ञा पाळतो. कालची पाने आठवून उघडण्याची सोयही त्यात आहे, पण ती वेगळी आहे आणि आपण मागितल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे निवडणे आणि आठवणे ह्यातला फरक त्या लोकांना कळत होता.

विम नावाचा दुसरा एडिटर आहे. ब्राम मोलेनार ह्या डच गृहस्थांनी तो १९९१ साली लोकांपुढे आणला. ते २०२३ साली वारले. कोणतीही फाईल न देता तो उघडला तर पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते. एवढा सगळा कार्यक्रम फुकट दिला, आणि बदल्यात मागितले ते इतकेच. पहिल्या पडद्याची किंमत त्या माणसाला पुरेपूर कळली होती. लाखो लोकांची नजर जिथे रोज पहिल्यांदा पडते ती जागा त्याने जाहिरातदारांना विकली नाही. आपण तर आपलीच एक नजर सांभाळायची आहे.

"हे सगळे टेक्स्ट फायलींतच कशाला?" असेही विचारतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी तरी हे विचारू नये. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत लिहीत होतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या फायली आज उघडा, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसेल. नोटपॅडमध्येही पूर्वी फाईल साठवताना यूटीएफ-८ निवडले नाही आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर सगळ्या मजकुराची प्रश्नचिन्हे व्हायची. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच त्याची नेहमीची पद्धत झाली, हे चांगले झाले. जी फाईल दहा वर्षे रोज सकाळी उघडायची, ती कुठल्याही संगणकावर, कुठल्याही एडिटरमध्ये, कुठल्याही कंपनीच्या परवानगीशिवाय उघडली पाहिजे. युनिकोडमधल्या साध्या मजकुराला हे जमते.

शेवटी पथ्ये. फायली चारच, फार तर पाच. वीस फायली निवडल्यात तर कालचाच पसारा तुम्ही नव्याने मांडलात. बँकेचे परवलीचे शब्द वगैरे ह्या यादीत कदापि नकोत, कारण जे आपोआप उघडते ते घरात आलेल्या कुणालाही दिसते. आणि यादी दगडावरची रेघ समजू नये. मी दरवर्षी गुढीपाडव्याला ती तपासते. 'शब्द' ही फाईल अशीच एका पाडव्याला आत आली. आईच्या तोंडचे आणि आता कुणी न वापरणारे शब्द मी तीत लिहिते, दिवसाला एखादाच. ज्या दिवशी एकही आठवत नाही त्या दिवशी कालचा वाचते. तिला जागा देण्यासाठी 'पत्रे' ही फाईल बाहेर गेली, कारण ज्यांना मी पत्रे लिहीत असे त्यांतले थोडेच राहिले.

असो. भाच्याला मी हे सगळे सांगितले, त्यावर तो म्हणाला, "पण मावशी, लोकांना निवडायला कंटाळा येतो, म्हणून तर हे आपोआप केले." असेलही. पण कंटाळा येतो म्हणून आम्ही मुलांना हजेरी माफ करत नव्हतो. तुम्हीही आज रात्री संगणक बंद करण्यापूर्वी एक कागद घ्या आणि उद्या सकाळी समोर हव्यात अशा चार गोष्टींची नावे लिहा. चार सुचत नसतील तर एकच लिहा. पण लिहा तुमच्या हाताने.